पान गळत नाही, झाड ते गाळतं

रायगड-ठाण्याकडच्या डोंगराळ भागात भातशेती करणारे शेतकरी ऐन, किंजळ अशा झाडांवर चढून पानांसकट फांद्या तोडतात. त्याला कवळ म्हणतात. कवळाचे भारे बांधून ते वाळत ठेवायचे आणि उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा यांचे थर पसरून, वर माती टाकून राब भाजायचा, ही तिथली जुनी रीत. या कवळाकडे एकदा मार्च महिन्यात नीट पाहावं. ज्या ऐनाच्या फांद्या तोडल्या तो ऐन तोवर उघडाबोडका होऊ लागलेला असतो, खाली पातेऱ्याचा थर साचलेला असतो. त्याच झाडाच्या तोडलेल्या फांद्यांवर मात्र पानं अजून आहेत. वाळून कोळ झालेली, हात लावला की चुरा होणारी, पण देठानं फांदीला घट्ट धरून बसलेली.

मेलेल्या फांदीची पानं टिकली आणि जिवंत झाडाची गळाली, हे आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. पान म्हातारं होतं, वाळतं, मग वाऱ्यानं पडतं, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर कवळाची पानं सर्वांत आधी पडायला हवी होती. ती पडत नाहीत, कारण पान पाडणं हे झाडाचं काम आहे आणि ते करायला झाड जिवंत असावं लागतं. त्यासाठी पेशी कामाला लागाव्या लागतात, नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात, ऊर्जा खर्च करावी लागते. फांदी तोडली की ती पेशींचं काम सुरू व्हायच्या आतच सुकते, आणि पान जिथल्या तिथे अडकून राहतं. मराठीत गळणं आणि गाळणं अशी दोन क्रियापदं आहेत. पानगळीच्या बाबतीत खरं क्रियापद दुसरं आहे.

हे काम चालतं देठाच्या तळाशी, जिथे देठ फांदीला चिकटतो तिथे. पान कोवळं असतानाच तिथे लहान, दाट पेशींच्या काही ओळींचा एक आडवा पट्टा तयार होतो. वनस्पतिशास्त्रात त्याला विलगन स्तर म्हणतात. बाकीचा देठ वाढतो, लांबतो, मजबूत होतो. या पट्ट्यातल्या पेशी मात्र लहानच राहतात आणि वाट पाहतात. म्हणजे पान जन्माला येतं तेव्हाच त्याच्या सुटण्याची जागा ठरलेली असते. सगळ्याच वनस्पतींना ही सोय नसते. उसाचं पान वाळतं पण बहुतेक जातींत आपणहून सुटत नाही, म्हणून पाचट हातानं काढावं लागतं. केळीचं जुनं पान खोडाला लोंबत राहतं. ज्वारीचा कडबा पानांसकट बांधता येतो तोही याचमुळे. गवताच्या आणि केळीच्या कुळात असा सुटण्याचा पट्टा सहसा तयारच होत नाही.

देवळाच्या आवारातल्या चाफ्यावर हे स्वतः तपासून पाहता येतं. चाफ्याचं हिरवं पान ओढून तोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो. पूर्ण पिवळं झालेलं पान नुसत्या बोटाच्या स्पर्शानं हातात येतं आणि त्या जागी चीक जवळजवळ येत नाही. पहिल्या वेळी आपण जखम केली. दुसऱ्या वेळी झाडानं आधीच जखम भरून घेतली होती आणि मगच पान सोडलं होतं.

हा पट्टा वर्षभर वाट पाहत असेल तर त्याला ‘आता सोड’ असं सांगतं कोण? याचं उत्तर शोधायला माणसाला जवळपास शंभर वर्षं लागली आणि ते एका झटक्यात मिळालं नाही.

सुरुवात सोप्या प्रयोगानं करू. कोलिअस नावाचं रंगीत पानांचं रोप बऱ्याच घरांत कुंडीत असतं. त्याच्या एका पानाचं पातं कात्रीनं कापून टाकायचं, देठ तसाच ठेवायचा. काही दिवसांत तो उरलेला देठ आपणहून गळून पडतो. शेजारचं धडधाकट पान जागेवरच असतं. म्हणजे पात्याकडून देठाच्या तळापर्यंत काहीतरी येत होतं आणि त्याच्या जोरावर पान टिकून होतं. १९३६ मध्ये अमेरिकेत कार्ल लारू यांनी अशा पातं कापलेल्या देठांच्या टोकाला ऑक्झिन लावून पाहिलं. देठ गळायचे थांबले. पातं नव्हतंच, पण पट्ट्याला पातं आहे असंच वाटत राहिलं.

ऑक्झिन हे वनस्पतींचं पहिलं ओळखलं गेलेलं संप्रेरक. संप्रेरक म्हणजे एका जागी तयार होऊन दुसऱ्या जागी काम घडवणारं, अगदी थोडक्या प्रमाणात लागणारं रसायन. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी उजेडाकडे वाकणाऱ्या कोंबांवर केलेल्या प्रयोगांचं पुस्तक १८८० मध्ये आलं, तिथून या शोधाचा माग सुरू होतो. जोमात असलेलं पातं ऑक्झिन बनवत राहतं आणि ते देठातून फांदीच्या दिशेनं झिरपतं, तासाला जेमतेम सेंटिमीटरभर. कोकणात पूर्वी मुंबईतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर दर महिन्याला गावी यायची. रक्कम किती यापेक्षा ती आली याला महत्त्व होतं, माणूस खुशाल आहे हे त्यातून कळायचं. देठातलं ऑक्झिन हे पानाचं तसं खुशालीपत्र आहे. ते येत राहतं तोवर सुटण्याचा पट्टा शांत असतो.

यात एक बारकावा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ऑक्झिन पट्ट्याच्या पानाकडच्या बाजूला लावलं तर गळ लांबते. तेच फांदीच्या बाजूला लावलं तर गळ लवकर होते. १९५५ मध्ये फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून असं मांडलं की पट्टा ऑक्झिनचं नुसतं प्रमाण मोजत नाही, दोन्ही बाजूंतला फरक पाहतो. पुढच्या काळात या विचारात बरीच भर पडली, पण गाभा टिकला. पानाला आपली किंमत सतत दाखवत राहावी लागते. फांदीच्या टोकाला नवी पालवी जोमात आली, खालचं पान सावलीत गेलं आणि त्याची कमाई घटली, की तराजू फिरतो.

आता दुसरं संप्रेरक. हे वायू आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यांवर दगडी कोळशापासून बनवलेल्या वायूचे दिवे आले. नळ जमिनीखालून जात आणि ठिकठिकाणी गळत. अशा गळतीजवळच्या झाडांची पानं अवेळी झडतात, झाडं मरतात, हे लोकांच्या लक्षात आलं. १८६४ मध्ये फ्रान्समध्ये जिरार्दँ यांनी तशी नोंद केली. वायूतला नेमका कोणता घटक हे घडवतो, ते पुढे १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्ह यांनी शोधलं. त्यांची वाटाण्याची रोपं प्रयोगशाळेच्या हवेत वाकडी, ठेंगणी, जाड वाढत आणि बाहेरच्या शुद्ध हवेत सरळ. त्यांनी दिव्याच्या वायूतले घटक एकेक करून तपासले आणि बोट ठेवलं ते इथिलीनवर. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन एवढाच ज्याचा रेणू, तो वायू रोपाची वाढ फिरवत होता. १९१७ मध्ये सारा डाउट यांनी इथिलीनमुळे पानं गळतात हे दाखवून दिलं. तरीही तोवर सगळे इथिलीनकडे बाहेरून येणारं विष म्हणूनच पाहत होते. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन बाहेर पडतं हे सिद्ध केलं, तेव्हा कळलं की दिव्याच्या नळातून गळणारा हा वायू झाड स्वतःच तयार करतं.

सफरचंद कशाला, आपली आंब्याची अढी घ्या. गवतात रचलेल्या आंब्यांतला एक पिकू लागला की शेजारचे पिकतात, पाठोपाठ अख्खी अढी. पहिल्या आंब्यातून निघालेलं इथिलीन गवतात कोंडून राहतं आणि बाकीच्यांना जागं करतं. मराठी माणसानं आंब्यालाही पिकला म्हटलं आणि पिवळ्या पडलेल्या पानालाही पिकलं म्हटलं. दोन्हीकडे कडकपणा जातो, हिरवेपणा जातो, पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल होतं, आणि दोन्हीमागे हाच वायू उभा असतो. ज्यानं कुणी प्रथम पानाला पिकलं म्हटलं त्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण नजर अचूक होती.

ऑक्झिन आणि इथिलीन यांची सांगड अशी आहे. पानाकडून ऑक्झिन नीट येत असेल तर सुटण्याच्या पट्ट्यातल्या पेशी इथिलीनला दाद देत नाहीत. हवेत थोडंफार इथिलीन असलं तरी त्यांना ते ‘ऐकू’ येत नाही. पान थकलं, पाणी तुटलं, रोग आला, दिवस लहान झाले, कशानंही ऑक्झिनचा ओघ आटला की त्या पेशी इथिलीनला संवेदनशील होतात. शिवाय इथिलीन स्वतः देठातली ऑक्झिनची वाहतूक आणखी अडवतं. एकदा तोल गेला की घसरण वेगानं होते ती यामुळे. म्हणून कोवळी पानं आणि जुनी पानं एकाच हवेत असूनही आधी जुनीच गळतात.

यानंतरचं काम सुताराच्या हातासारखं नेटकं असतं. पट्ट्यातल्या पेशी सेल्युलेज आणि पेक्टिनेज जातीची विकरं बनवून पेशींच्या भिंतींत सोडतात. दोन पेशींच्या मध्ये पेक्टिनचा चिकट थर असतो. पेरूची जेली ज्याच्यामुळे घट्ट बसते तेच हे पेक्टिन. ते विरघळतं. फांदीकडच्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि पलीकडच्या पेशींना ढकलतात. त्याच वेळी फांदीच्या बाजूला बुचासारख्या, पाणी आणि बुरशी आत येऊ न देणाऱ्या द्रव्याचा थर चढू लागतो आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या आतून बुजतात. शेवटी पान फक्त त्या नळ्यांच्या चार-दोन धाग्यांवर लटकलेलं असतं. वाऱ्याची झुळूक येते ती इथे. तिच्या वाट्याला आलेलं काम शेवटच्या धाग्यापुरतं असतं, पण श्रेय सगळं तिलाच मिळतं.

कुंडीतल्या झाडाला रोज पाणी घालूनही, किंबहुना घातल्यामुळेच, पानं पिवळी पडून गळतात हा अनुभव अनेकांना असेल. कारण इथेच सापडतं. झाडात इथिलीन तयार होताना त्याच्या आधीची एक पायरी असते, एसीसी नावाचा पदार्थ. ही पायरी १९७९ मध्ये शांग फा यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यानं उलगडली. एसीसीचं इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो. पाण्यात बुडालेल्या मुळांना तो मिळत नाही. त्यामुळे एसीसी मुळात साठतं, रसाबरोबर वर पानांत जातं, तिथे प्राणवायू भरपूर असल्यानं त्याचं इथिलीन होतं आणि पानं माना टाकतात. बुडाली मुळं, हाक पोहोचली पानांपर्यंत. अशा वेळी आणखी पाणी घालू नये. कुंडीचं छिद्र मोकळं आहे का ते आधी पाहावं.

तिसऱ्या संप्रेरकाच्या नावातच पानगळ आहे, आणि गंमत अशी की त्याचं मुख्य काम ते नाही. कापसाची कोवळी बोंडं का गळतात याचा शोध घेताना १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात काझुहिको ओकुमा, ॲडिकॉट आणि सहकाऱ्यांनी कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळं केलं. त्याच सुमारास वेल्समध्ये फिलिप वेअरिंग यांचा गट झाडांचे डोळे हिवाळ्यात झोपी कसे जातात हे पाहत होता; त्यांनाही सिकॅमोर झाडाच्या पानांत एक द्रव्य सापडलं. दोन्ही द्रव्यं एकच निघाली. १९६७ मध्ये त्याचं नाव ठरलं ॲब्सिसिक आम्ल, म्हणजे गळतीचं आम्ल. पुढे कळलं की गळतीवर त्याचा प्रभाव बहुतांशी आडवाटेनं, इथिलीनमार्फत पडतो. त्याचं खरं काम दुष्काळाची दवंडी पिटण्याचं. मुळाशी ओल तुटली की हे आम्ल वाढतं, पानावरची सूक्ष्म छिद्रं मिटतात, पाण्याची वाफ थांबते, आणि त्याबरोबर अन्न बनवणंही मंदावतं. मग ऑक्झिन घटतं. पुढची गोष्ट वर आलीच आहे. विदर्भातला शेतकरी पातेगळ, म्हणजे कपाशीच्या कळ्यांची गळ, थांबवायला कापसावर एनएए नावाचं कृत्रिम ऑक्झिन फवारतो, तो याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजन टाकत असतो.

चौथं सायटोकायनिन. ते पानाला तरुण ठेवतं. पिवळ्या पानावर कधी कधी कीड किंवा बुरशी लागलेल्या जागेभोवती हिरवंगार बेट उरलेलं दिसतं. तिथे सायटोकायनिनचं प्रमाण वाढलेलं असतं आणि त्या परजीवीनं आपलं ताट वाढून ठेवलेलं असतं.

पान सोडण्याआधी झाड त्यातलं कामाचं काढून घेतं. हरितद्रव्य मोडलं जातं, प्रथिनं मोडली जातात, आणि साधारण निम्मं नत्र आणि स्फुरद देठातून फांदीत परत जातं. पिवळा रंग नवा येत नाही, तो आधीपासून असतोच, हिरव्याखाली झाकलेला. देशी बदामाचं पान मात्र लालभडक होतं, कारण तो लाल रंग झाड जाता जाता नव्यानं बनवतं. कॅल्शियम परत ओढता येत नाही, ते पानाबरोबरच खाली जातं. पातेऱ्याची माती कसदार होते त्यामागचं हे एक कारण.

पानगळ म्हटलं की पुस्तकांत थंड देशांचं चित्र येतं: दिवस आखूड होतात, हिमवर्षावाआधी झाडं निष्पर्ण होतात. तिथे उजेडाच्या तासांना फार महत्त्व आहे. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडविन मॅट्झके यांनी नोंदवलं की विजेच्या दिव्याजवळच्या काही झाडांच्या फांद्यांवर पानं बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस टिकतात. वायूच्या दिव्यांनी झाडांची पानं पाडली होती, विजेच्या दिव्यांनी ती अडवून धरली.

आपल्याकडे मुख्य कारण थंडी नाही, तहान आहे. महाराष्ट्रातलं बरंचसं जंगल पानझडी आहे. पावसानंतर जमिनीतली ओल उतरत जाते, माघ-फाल्गुनात हवा कोरडी होते आणि सागासारखी तळहाताच्या कितीतरी पट मोठी पानं म्हणजे उघड्या नळासारखी होतात. खडकाळ डोंगरावरचा साग आधी झडतो, नदीकाठचा उशिरा, जात एकच असली तरी. सावर, पांगारा, पळस पानं टाकतात आणि त्या उघड्या अंगावर फुलतात.

आणि मग जे होतं त्याचं मला दरवर्षी नव्यानं आश्चर्य वाटतं. पाऊस अजून दोन-अडीच महिने लांब असतो, ऊन वाढत असतं, आणि चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते, कुसुमाचं झाड लालेलाल होतं. पाणी नाही म्हणून पानं टाकली, मग पाणी आलं कुठून? पानं गेली की वाफ थांबते, आणि खोल गेलेली मुळं जे थोडं पाणी ओढतात ते उडून न जाता खोडात आणि फांद्यांत साठतं. तेवढ्या साठ्यावर नवी पानं उघडतात. मृगाचा पाऊस येतो तेव्हा झाड पहिल्या दिवसापासून कामाला तयार असतं. आपल्या जंगलात पानगळ ही चैत्रपालवीची तयारी आहे, पाण्याच्या हिशोबासह.

हे सगळं जाणून, हाताळून, त्यावर संसार चालवणारा माणूस पाहायचा असेल तर सोलापूर, सांगोला, सटाणा, मालेगाव या पट्ट्यातल्या डाळिंबाच्या बागेत जावं.

डाळिंब थंड प्रदेशात हिवाळ्यात पानं टाकून झोपी जातं. आपल्याकडे तसा हिवाळा नाही, त्यामुळे झाड वर्षभर हिरवं राहतं आणि वर्षभर थोडं थोडं फुलतं. थोडं थोडं फूल बाजाराच्या कामाचं नाही. म्हणून शेतकरी बहार धरतो: आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार. त्यासाठी तो झाडाला हिवाळा तयार करून देतो. आधी ताण, म्हणजे काही आठवडे पाणी तोडायचं. हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत लवकर बसत नाही. पानं पिवळट होऊन माना टाकू लागली की इथ्रेलची फवारणी. इथ्रेल म्हणजे इथेफॉन, पाण्यात विरघळणारं एक आम्ल. बाटलीतल्या आम्लधर्मी द्रावणात ते टिकतं. पानाच्या आत गेलं, आम्लता कमी झाली की फुटतं आणि इथिलीन मोकळं होतं. साधारण आठवडाभरात बाग उघडी पडते. मग हलकी छाटणी, खतं आणि पाणी. काही दिवसांत सगळी बाग एकदम नव्या पालवीवर आणि कळीवर येते.

ताण आधी आणि इथ्रेल नंतर, हा क्रम शेतकऱ्याला अनुभवानं पाठ आहे. वरचं विज्ञान वाचलं की त्याचं कारण कळतं. ताणानं ऑक्झिनचा ओघ आटतो, सुटण्याचा पट्टा ऐकायला तयार होतो. मग इथिलीनचा शब्द लागू पडतो. ताण न बसलेल्या, जोमात असलेल्या बागेवर फवारणी केली तर पानगळ अर्धवट होते, आणि ती पुरी करायला औषधाचं प्रमाण वाढवत नेलं तर फांद्या, डोळे दुखावतात. कमजोर झाडाला तर हा सगळा खटाटोप सोसवतच नाही, कारण पान गाळायलाही झाडाच्या अंगात ताकद लागते. कवळाच्या वाळक्या पानांनी जी गोष्ट सांगितली तीच ही. विस्तारकार्यात ताणाचे दिवस आणि औषधाचे मिलिलिटर सांगितले जातात, पट्टा आणि ऑक्झिन यांची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती सांगायला हवी असं मला ठामपणे वाटतं. कारण कळलेला माणूस यंदाचं हवामान बदललं तर काय बदलायचं हे स्वतः ठरवू शकतो.

याच ज्ञानाची एक काळी बाजू आहे. आर्थर गॅल्स्टन नावाचा तरुण १९४३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सोयाबीन लवकर फुलावं म्हणून टीआयबीए या रसायनावर संशोधन करत होता. थोड्या प्रमाणात त्यानं फुलं वाढतात, जास्त झालं तर पानं झडतात असं त्याला दिसलं. हे रसायन देठातली ऑक्झिनची वाहतूक अडवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या काळात लष्करी प्रयोगशाळांना पानं झडवणाऱ्या रसायनांत रस निर्माण झाला होता. पुढे व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी ७ कोटी लिटरहून अधिक तणनाशकं जंगलांवर आणि शेतांवर फवारली. त्यातलं सर्वाधिक वापरलेलं एजंट ऑरेंज हे २,४-डी आणि २,४,५-टी या दोन कृत्रिम ऑक्झिनांचं मिश्रण होतं. पानाला धरून ठेवणारं ऑक्झिनच भरमसाट झालं की झाड बेसुमार इथिलीन बनवतं, वाढ पिसाट होते आणि झाड मरतं. २,४,५-टीमध्ये तयार होताना डायॉक्सिन मिसळलेलं होतं. त्याचे परिणाम माणसांनी पुढे भोगले, पुढच्या पिढ्यांपर्यंत. गॅल्स्टन यांनी नंतरची कित्येक वर्षं ही फवारणी थांबवण्यासाठी जाहीर लढा दिला. आपलं संशोधन जगात जाऊन काय करतं याची जबाबदारी घेणारे असे शास्त्रज्ञ थोडे असतात.

त्यातलं २,४-डी आजही आपल्या गावात आहे. उसातल्या, ज्वारीतल्या रुंद पानांच्या तणांसाठी ते फवारतात, कारण गवतवर्गीय पिकं ते बऱ्यापैकी सोसतात. कापूस आणि द्राक्ष मात्र त्याला अतिशय हळवे आहेत. वाऱ्यावर उडून आलेल्या तुषारांनीसुद्धा त्यांची पानं पंज्यासारखी आकसतात. शेजारी द्राक्षाची बाग किंवा कपाशी असेल तर वारा असताना ही फवारणी करू नये, आणि त्याच पंपानं दुसरं काही फवारायचं तर तो आधी अनेकदा धुवावा.

यंदा फाल्गुनात एखाद्या निष्पर्ण झाडाची फांदी हाताशी आली तर थांबून पाहा. जिथे पान होतं तिथे व्रण दिसेल, अर्धचंद्रासारखा किंवा गोल; पपईच्या खोडावर तर असे व्रण ओळीनं दिसतात. व्रणात बारीक ठिपके असतील, त्या पाणी नेणाऱ्या नळ्या, आता बुजलेल्या. आणि व्रणाच्या अगदी वर, देठाच्या बगलेत लहानसा फुगीर डोळा असेल. तो पान गळल्यावर आलेला नाही. पान हिरवं असल्यापासून तो तिथेच आहे.